रॅमभरोसे

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडचे उपाय ठरलेले असतात. पहिला, बंद करून परत चालू करणे. दुसरा, ‘व्हायरस आला असणार’ असं गंभीर चेहऱ्याने म्हणणे. तिसरा, दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणणे. बहुतेक दुखणी यात बरी होतात. या तिन्हींना पुरून उरणारं एक दुखणं मात्र आहे, ते म्हणजे बिघडलेली रॅम. आमच्या घरच्या कॉम्प्युटरला ते २०२४च्या मे महिन्यात जडलं. तेव्हापासून नातेवाईक मंडळी ‘त्या फोटोंचं काय झालं गं?’ असं विचारतायत, आणि दोन-तीन मित्रमैत्रिणींनी आपापल्या कॉम्प्युटरची जी लक्षणं सांगितली ती ऐकून मला ‘अरे, हे तर आपलंच!’ असं झालं. तेव्हा हे एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आमचा कॉम्प्युटर असेम्बल केलेला आहे. २०२१मध्ये भाचीने आणि मी सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर जोडला. त्यात डीडीआर४ जातीच्या ८ जीबीच्या दोन रॅम होत्या. तीन वर्षं बिनतक्रार चालला. मे २०२४मध्ये मी त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या आणखी दोन रॅम घेतल्या, कारण एक मोठं काम अंगावर घ्यायचं होतं.

काम सांगलीच्या फोटोंचं. माझं माहेर सांगलीला, गावभागात. २०१८च्या दिवाळीत भावाने आणि मी घरातले जुने अल्बम स्कॅन करून काढले होते. काळी पानं, फोटोंना चिकटवलेले कोपरे, मध्ये तो जाळीदार पातळ कागद, तसले अल्बम. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. घरातली माणसं सुखरूप बाहेर पडली, अल्बम मात्र तळमजल्यावरच्या कपाटात राहिले. पाणी ओसरल्यावर वहिनीने कपाट उघडलं तेव्हा आत लगदा होता. म्हणजे आजोबांचा तरुणपणीचा एकमेव फोटो, आईबाबांचं लग्न, आत्याची मंगळागौर, हे सगळं आता फक्त एका जुन्या हार्ड डिस्कवर उरलं होतं. ती डिस्कही म्हातारी झालेली. तेव्हा सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं, नीट लावायचं आणि सगळ्या भावंडांना एकेक पेन ड्राइव्ह द्यायचा, असा बेत होता.

पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला. ब्राउझरचा एखादा टॅब आपोआप बंद पडायचा. दोन दिवसांनी निळा पडदा आला, त्यावर दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा. पुन्हा आला तेव्हा दोष फाइल सिस्टिमचा. तिसऱ्यांदा आणखी तिसऱ्याचाच. मधल्या काळात चार-चार तास सगळं अगदी गुण्यागोविंदाने. मग एक झिप फाइल उघडेना. आणि मग आत्याच्या मंगळागौरीचा फोटो उघडला, तर वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा अर्धा जांभळा-हिरवा, जागेवरून सरकलेला. फुगडी घालणाऱ्या बायका कमरेपर्यंत १९६८मध्ये आणि कमरेखाली परग्रहावर.

दर वेळी आरोपी वेगळा, हीच रॅमच्या दुखण्याची मोठी खूण आहे. डिस्क बिघडली तर तक्रार डिस्कच्याच कामात येते, प्रिंटर बिघडला तर प्रिंटरच्या. रॅमचं तसं नाही. कॉम्प्युटरमध्ये जे काही चालतं ते सगळं तिच्यावरून जातं. त्यामुळे खराब कप्प्यात त्या क्षणी जो कोणी बसलेला असेल तो पडतो आणि नाव त्याचं खराब होतं. रॅम स्वतः नामानिराळी.

हे का होतं ते थोडक्यात सांगते. आपण वापरतो ती रॅम, म्हणजे डीरॅम, १९६६मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली. एक बिट म्हणजे विजेचा एक एवढासा साठा आणि त्याला एक दार. साठा भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. गंमत अशी की हा साठा गळका असतो. गळक्या रांजणासारखा. म्हणून रांजण रिता व्हायच्या आत प्रत्येक कप्पा वाचून परत भरावा लागतो, साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. वीज गेली की भरणं थांबतं आणि रॅम सगळं विसरते. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे सुमारे ६,८७० कोटी रांजण असतात. त्यातला एक जरी जास्त गळायला लागला, तरी पुरे. आणि उष्णता वाढली की गळतीही वाढते. आमचं दुखणं मे महिन्यात, भर दुपारी जास्त का उसळायचं, ते यावरून लक्षात यावं.

आता आरोपी कोण? दुकानात फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारून टाका, होऊन जाईल.” भाची म्हणाली, “मावशी, नवीन रॅम घातल्यावरच सुरू झालं ना? मग नवीनच खराब.” घरातही सगळ्यांचं मत तेच पडलं. आपल्याकडे नवी सून आल्यापासून घरात जे काही फुटतं ते तिच्याच हातून फुटलेलं असतं, तसं. :)

फॉरमॅट नको म्हणाले, त्याला कारण होतं. विंडोज नव्याने टाकायचं म्हणजे हजारो फाइली त्याच रॅमवरून डिस्कवर जाणार. रॅमच खोटं बोलत असेल तर नवं विंडोजही जन्मतःच अधू निघायचं. आणि सुनेवरचा आरोप पुराव्याशिवाय मान्य करायचा नाही असं ठरवलं. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि निकाल लागेपर्यंत एकही फोटो कॉपी करायचा नाही असा दंडक घातला.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ नावाचा एक मोफत प्रोग्राम मिळतो. त्याचा मूळ मेमटेस्ट८६ हा ख्रिस ब्रेडी यांनी १९९०च्या दशकात लिहिलेला. तो पेन ड्राइव्हवर घालायचा आणि विंडोज सुरूच न करता थेट त्यावरून कॉम्प्युटर चालू करायचा. मग तो एवढंच करतो, की प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो, आणि जे लिहिलं तेच आलं का ते बघतो. आधी सगळीकडे ०, मग सगळीकडे १, मग उलटसुलट नक्ष्या. मास्तरांनी पाढे म्हणून घ्यावेत तसं. एक फेरी निर्दोष गेली म्हणून सुटका नाही, रात्रभर चालवायचा. कारण काही कप्पे गरम झाल्याशिवाय चुकत नाहीत.

पहिल्या रात्री चारही स्टिक जागेवर ठेवून चालवला. दुसऱ्या फेरीत चुका आल्या. म्हणजे संशय खरा, पण नेमकं कोण ते कळलं नाही. दोन-दोन स्टिक जोडीने काम करतात तेव्हा माहिती दोघींत वाटून ठेवलेली असते, त्यामुळे चुकीचा पत्ता पाहून ‘ही तिसरी स्टिक’ असं सहजासहजी म्हणता येत नाही. शिवाय दोष रॅमचाच असेल असंही नाही. मदरबोर्डवरचा स्लॉट असू शकतो, एसएमपीएस असू शकतो, प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग असू शकतो, नाहीतर वेग.

वेगाचं सांगायला हवं. डब्यावर ‘३२००’ लिहिलेली रॅम आपणहून ३२००वर चालतेच असं नाही. बऱ्याचदा बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सोय चालू केली की मग ती त्या वेगाने धावते, आणि त्यासाठी तिला १.२ऐवजी १.३५ व्होल्ट लागतात. दोन स्टिक त्या वेगाने छान धावतात, आणि चार घातल्या की प्रोसेसरवरचा ताण वाढून अडखळतात, असं पुष्कळांकडे होतं. तेव्हा सगळी रॅम चांगली असूनही चुका येतात. म्हणून दुसऱ्या रात्री फक्त एक्सएमपी बंद केलं, बाकी काही नाही. वेग २१३३वर आला. चुका तरीही आल्या. वेग सुटला.

इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम : एका वेळी एकच बदल. रॅमही बदलली, स्लॉटही बदलला आणि बायोसही अद्ययावत केला, आणि कॉम्प्युटर बरा झाला, तर आनंद होतो पण ज्ञान होत नाही. महिन्याने दुखणं परतलं की पुन्हा पाटी कोरी. मी एक वही केली. रोज रात्री काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, सकाळी त्यासमोर निकाल. कंटाळवाणं काम आहे. पण यात हुशारी लागत नाही, वहीच लागते.

तिसऱ्या रात्री फक्त दोन नव्या स्टिक ठेवल्या. दोनच असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सकाळी पाहते तर एकही चूक नाही. चौथ्या रात्री त्याच स्लॉटमध्ये दोन जुन्या. पहाटेपर्यंत चुकांची रांग लागलेली. सून निर्दोष सुटली! आरोपी घरातलाच निघाला, तीन वर्षं मांडीला मांडी लावून बसलेला.

त्या दिवशी आपला परंपरागत उपायही केला. जुन्या दोन्ही स्टिकचे सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसले, कण झटकले, परत बसवल्या. हसू नका, त्यात तथ्य आहे. दमट हवेत पायांवर थर चढतो आणि स्पर्श नीट होत नाही, तेव्हा याने खरंच काम होतं. (स्विच बंद करून वायर काढायची आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज आधी घालवायची, हे विसरायचं नाही.) आमच्याकडे फरक पडला नाही. दोष पायात नव्हता, पोटात होता.

मग एकेक स्टिक, एकेकटी, त्याच एका स्लॉटमध्ये. एक स्वच्छ निघाली. दुसरी दर फेरीला त्याच पत्त्यावर, त्याच एका बिटाला चुकत होती. तिला दुसऱ्या स्लॉटमध्ये नेलं, तिथेही तसंच. म्हणजे स्लॉटही सुटला. चुका जागा बदलत राहिल्या असत्या तर वीजपुरवठ्याकडे बघावं लागलं असतं. ठरलेल्या जागी ठरलेली चूक म्हणजे तो कप्पाच गेलेला. स्टिक वॉरंटीत होती, काही आठवड्यांनी बदलून मिळाली.

भाचीने विचारलं, “पण मग आधी का नाही झालं?” प्रश्न रास्त होता. मोठ्या फाइली कॉपी करताना विंडोज रिकामी रॅम तात्पुरती त्यांच्यासाठी वापरतं. एरवी माझं काम ईमेल, थोडं लिखाण आणि नाट्यसंगीत ऐकणं एवढंच, त्यात खराब कप्पा क्वचित वाट्याला यायचा आणि बहुतेक वेळा रिकामाच असायचा. फोटोंची रास त्यावरून जायला लागली तेव्हा सगळेच कप्पे कामाला लागले. नव्या रॅम आणि फोटोंचं काम एकाच आठवड्यात आलं, म्हणून दोष शेजाऱ्याच्या माथी.

आता खरा प्रश्न : जे फोटो आधीच नव्या डिस्कवर गेले होते त्यातले किती बरोबर? १,८४० फोटो एकेक करून डोळ्याने बघायचे? तेही पुरलं नसतं. जेपीजी फोटोत एक बिट उलटला तर कधी अर्धं चित्र सरकतं, ते दिसतं. टिफमध्ये मात्र एखादाच ठिपका बदलेल, तो कोणाला दिसणार? मजकुराचं तर विचारूच नका. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ यांत फक्त एका बिटाचा फरक आहे. तो उलटला की ‘कोरा चहा’चा ‘गोरा चहा’ होतो. ‘काल’चा ‘गाल’ होतो, आणि शब्द तर दोन्ही शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही गप्प.

आकड्यांची गंमत याहून भारी. १८ मे २००३ला बेल्जियममध्ये निवडणूक झाली, तेव्हा ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे मतदान यंत्रांवर होतं. एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली दिसली, म्हणून पुन्हा मोजणी केली. फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजे एकच बिट ०चा १ झालेला. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, तेव्हा मेमरीत आपोआप उलटलेला बिट हेच स्पष्टीकरण उरलं. आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. शक्य कोटीतला असता तर?

याच्यावर उपाय जुना आहे. बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग यांचं काम यंत्राने शनिवार-रविवारी चूक सापडली म्हणून अर्धवट टाकून दिलेलं असायचं. यंत्राला चूक झाली एवढं कळतं, तर कुठे झाली ते कळून ती दुरुस्त का होऊ नये, या वैतागातून त्यांनी चुका सुधारणारी पद्धत काढली आणि १९५०मध्ये प्रसिद्ध केली. सर्व्हरमध्ये लागणारी ईसीसी रॅम त्याच विचारावर चालते. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवले की एक उलटला तरी जागच्या जागी सुधारता येतो. २००९मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. तिथे त्या पकडल्या जातात. आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये सहसा ही सोय नसते. डीडीआर५मध्ये चिपच्या आत थोडी सोय आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती राखण करत नाही. म्हणजे आपण सगळे रॅमभरोसे.

मग फोटो कसे तपासले? चेकसमने. फाइलमधल्या सगळ्या बिटांवर हिशेब करून एक ६४ अक्षरांची खूण काढता येते, फाइलचा अंगठाच म्हणा ना. एक बिट बदलला तरी अंगठा पार बदलतो. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते. पण अंगठा घेणारा स्वतःच अडखळत असेल तर उपयोग नाही, म्हणून हे काम आजारी कॉम्प्युटरवर न करता भाचीच्या लॅपटॉपवर केलं. जुनी डिस्क लावली, अंगठे घेतले. नवी डिस्क लावली, अंगठे घेतले. दोन याद्या जुळवल्या.

१,८४० पैकी ९ जुळले नाहीत. त्यातले तीनच डोळ्यांना बिघडलेले दिसत होते. बाकीचे सहा मी शंभर वेळा बघून ‘छान’ म्हटलं असतं. नऊही फोटो जुन्या डिस्कवर शाबूत होते, तिथून पुन्हा घेतले, पुन्हा अंगठे जुळवले. आत्याच्या मैत्रिणींना पाय परत मिळाले. त्या दिवशी सांगलीला फोन केला तेव्हा वहिनी म्हणाली, “पूर गेला वाटलं होतं, तो तुमच्या डब्यात शिरला होता की!”

आता हे फोटो तीन ठिकाणी आहेत. माझ्याकडे, सांगलीला भावाकडे, आणि भाचीकडे बंगलोरला. प्रत्येक ठिकाणी अंगठ्यांची यादी सोबत आहे. ज्यांना पेन ड्राइव्ह मिळालेत त्यांच्याकडेही ती यादी आहे, पुसू नका. वर्षातून एकदा जुळवायची. दिवाळीच्या साफसफाईत अर्धा तास काढा.

आणि एक काम राहिलंय. फोटो बिटाबिटाने बरोबर आहेत, पण त्यातली माणसं कोण, हे कुठल्याच चेकसममध्ये नाही. फोटो क्रमांक ४१२मध्ये पाटावर बसलेल्या बाई आत्या म्हणते सोलापूरच्या मावशी, आणि काकू म्हणतात छे, त्या मिरजेच्या. दोघींचे अंगठे जुळत नाहीत. दोघींनी ऐंशी ओलांडली आहे. तेव्हा ज्या कोणाला खात्रीने आठवत असेल त्यांनी लवकर कळवावं. वही उघडून बसले आहे.